चार डबे

डब्याचं झाकण फरशीवर पडलं, पण पडून लगेच थांबलं नाही. आपल्याच कडेवर खणखणत, गोल गोल फिरत ते बाजेखाली गेलं, तिथं दोन गिरक्या घेतल्या आणि मग निपचित झालं. दुपारचे दोन वाजले होते. लाईट गेलेली, त्यामुळं घरात पंख्याचासुद्धा आवाज नव्हता. शालूच्या मांडीवर बाळाचा नुकताच डोळा लागत होता. ते दचकलं, ओठ बाहेर काढले, आणि आईच्या छातीला पुन्हा तोंड लावून गप्प झालं.

शालूनं दाराकडं डोळे मोठे करून पाहिलं. पाच वर्षांची प्रांजली गोठ्यातला पत्र्याचा डबा छातीशी धरून उभी होती. दोष सगळा झाकणाचा आहे, असा तिचा चेहरा.

पण शालूचं रागवायचं राहूनच गेलं. तिचे कान गोठ्याकडं लागले होते. हा डबा वाजला की गोठ्यातून उत्तर यायचं, हा दोन वर्षांचा शिरस्ता होता. तेलाचा रिकामा झालेला हा डबा खुराकाचं माप म्हणून गोठ्यात गेला तेव्हापासून मोगरीला त्याचा आवाज लांबून कळायचा. सासूबाईंनी तो नुसता घासायला काढला तरी ती दावणीवर मान ताणून हंबरायची, आणि सासूबाई म्हणायच्या, वाजली बघा हिची शाळेची घंटा.

आज झाकण एवढं नाचलं, तरी गोठ्यातून काही आलं नाही.

शालूनं बाळाला झोळीत टाकलं. झोळीची दोरी प्रांजलीच्या हातात दिली आणि ती उठली. उठताना डोळ्यांपुढं अंधारी आली. सकाळी चहात बुडवून दोन टोस्ट खाल्ले होते, त्यानंतर भाकरीचं राहूनच गेलं होतं. भिंतीला हात टेकून ती क्षणभर थांबली आणि मग गोठ्याकडं निघाली.

मोगरी उभी होती, पण उभी म्हणायची इतकंच. पाठ वर आलेली, चारी पाय पोटाखाली गोळा केलेले, आणि जिभेनं ती भिंत चाटत होती. एकाच जागी, थांबून थांबून, जणू तिथं काही सांडलंय. तिच्या कपाळावर मोगऱ्याच्या कळीएवढा पांढरा ठिपका होता, त्यावरून तिचं नाव. प्रांजली झाली तेव्हा शालूच्या वडिलांनी जाफराबादकडून ही कालवड टेम्पोत घालून आणली होती. नातीच्या तोंडी घरचं दूध जावं एवढंच ते म्हणाले होते. पोरगी आणि कालवड एकाच अंगणात वाढल्या. आता मोगरीचं हे दुसरं वेत होतं. शालू बाळंतपणाला माहेरी असताना, चार आठवड्यांपूर्वी ती व्याली होती.

गव्हाणीत सकाळचा कोंडा तसाच पडून आंबला होता. कडब्याच्या चार काड्या तेवढ्या ओढलेल्या दिसत होत्या. शेण पडलं होतं ते लिंबाएवढ्या घट्ट गोळ्यांचं. शालूनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, तर हात एकेका हाडावर अडत गेला.

आणि मग तिला मोगरीच्या गळ्यातलं दावं दिसलं. सुतळीचं, नवं, बाजारातलं. गोंड्याचं जुनं दावं खुंटीवर टांगलेलं होतं.

या घरात विकलेलं जनावर घरच्या दाव्यासकट जात नसे. जनावर गेलं तरी दावं खुंटीला राहायचं, म्हणजे लक्ष्मी दारातच राहते अशी समजूत. खुंटीवरच्या त्या गोंड्यावरून शालूला जे कळायचं ते कळलं.

सासरे, राधाकिसनमामा, बाहेर लिंबाखाली बाजेवर बसले होते. त्यांच्या घरात तीन पिढ्या मेंढरं होती. जनावर नुसतं चालताना बघून ते आजार सांगत, आणि गावातली माणसं विचारायलाही येत. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. उद्याच्या बाजारासाठी टेम्पो सांगितलाय, आज संध्याकाळी पाच वाजता येईल म्हणाले. मोगरीचं दूध दिवसाला सोळा लिटरवरून काल अकरावर आलं, आज सकाळच्या धारेला तीनच. भिंत चाटायला लागलेली गाय त्यांनी आयुष्यात दोनदा पाहिली होती आणि दोन्ही गेल्या होत्या.

"उभी हाय तवर गेलेली बरी," ते म्हणाले. "एकदा बसली का मंग चार माणसं लावूनबी उठत न्हाई. मरताना बघायची का तुला ती? त्या पोरीपुढं?"

शालूनं विचारलं, डॉक्टरला दाखवलं का. मामा म्हणाले, देवानंद म्हणत होता रविवारी आल्यावर बघू. देवानंद म्हणजे शालूचा नवरा, जालन्यात लोखंडाच्या कारखान्यात होता. भट्टीपाशी फोन न्यायला बंदी, त्यामुळं पाळी सुटेपर्यंत त्याला फोन लागणं शक्य नव्हतं. पाळी सुटायची सहाला. टेम्पो यायचा पाचला.

ती परत गोठ्यात आली. तीन दिवसांपूर्वी माहेरून आली तेव्हाच तिला मोगरी खंगलेली दिसली होती, आणि तिनं विचारलंही होतं. तेव्हा सासूबाई, सुगंधाबाई, हसल्या होत्या. दुधाची गाय आहे, अंगावर काय राहणार, सगळं चरवीत उतरतंय म्हणाल्या. खिळ्याला अडकवलेल्या डेअरीच्या पावत्या त्यांनी काढून दाखवल्या होत्या. फॅट चार-नऊ, पाच-एक, पाच-तीन. केदारखेड्याच्या डेअरीत संकरित गाईची एवढी फॅट कुणाची लागत नव्हती. त्या पावत्या बघून शालूलाही बरं वाटलं होतं. आता तेच तिला आतून टोचायला लागलं.

ती मोगरीच्या तोंडाशी वाकली. गाईच्या श्वासाला एरवी ओल्या गवताचा वास असतो. मोगरीच्या श्वासाला गोड वास होता. नासायला आलेल्या केळांसारखा, नखं रंगवायच्या बाटलीसारखा, नाकात चढणारा. शालूला हा वास माहीत नव्हता, पण या वासाबद्दल कुणीतरी तिला सांगितलं होतं.

मोगरीच्या पहिल्या वेताच्या वेळी, प्रांजलीला कडेवर घेऊन, ती तीन दिवसांच्या दुग्धव्यवसायाच्या शिबिराला गेली होती. त्यातली वही धान्याच्या कोठीमागं होती. तिनं ती शोधून काढली, पानं उलटली. तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: व्याल्यावर दूध आधी वाढतं, भूक मागून येते. मधला खड्डा गाय आपल्या अंगातल्या चरबीनं भरते. खड्डा मोठा झाला तर श्वासाला गोड वास, खुराक नको, कडबा खाते, दुधाची फॅट वाढते. शेवटच्या दोन शब्दांखाली तेव्हाच रेघ ओढलेली होती. रेघ ओढून ती सगळं विसरून गेली होती.

तिनं भोकरदनच्या डॉक्टर इजहारना फोन लावला. दोनदा लागला नाही, तिसऱ्यांदा लागला. ते जाफराबादकडं कुठंतरी लसीकरणात होते, मागं शेळ्यांचा आवाज. तिनं एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये तोडून विचारलं, खुराक किती चालू होता.

"चार डबे, डॉक्टर. दोन सकाळी, दोन संध्याकाळी. व्याल्यापासून एकबी चुकला न्हाई."

"डबे नको सांगू ताई," ते म्हणाले. "डबा म्हंजे काय मला काय माहीत. किलो सांग. मी तासाभरात पोचतो, तवर तोलून ठेव. आणि तिला बसू देऊ नको, बिलकुल."

शालू फोन हातात धरून उभी राहिली. किलो. दोन वर्षांत त्या डब्याचं वजन कुणी केलं नव्हतं. पहिल्या वेताला तिनंच मापून ठरवलं होतं, वहीत लिहिलं होतं, आणि मग वही कोठीमागं गेली आणि डबा तेवढा राहिला.

खरं तर या घरात काटा रोज हलायचा. कापसाच्या वेचणीला आलेल्या बायका संध्याकाळी ओळीनं गाठोडी घेऊन उभ्या राहायच्या आणि सुगंधाबाई ताणकाट्याच्या हुकाला एकेक गाठोडं अडकवायच्या. अर्धा किलो इकडं तिकडं झालेला त्या चालवून घेत नसत. तो काटा शालूनं पडवीतून आणला, गोठ्याच्या वाशाला टांगला आणि प्रांजलीकडून डबा घेतला. डबा कोंड्यानं काठोकाठ भरला, वरून हातानं सारखा केला, सासूबाई करायच्या तसाच. हुकाला अडकवला.

रिकाम्या डब्याचं वजन वजा जाता आठशे पन्नास ग्रॅम.

तिला वाटलं काटा बिघडला. तिनं पुन्हा भरला, पुन्हा तोलला. आठशे पन्नास. मग गोठ्याच्या कोपऱ्यातलं जुनं पोतं तिनं सोडलं. त्यात मक्याचा भरडा आणि सरकी पेंड, गेल्या वेताचा खुराक, अर्धा उरलेला. तोच डबा, तेवढाच काठोकाठ.

एक किलो नऊशे.

सुगंधाबाई हौदावरून घागर घेऊन आल्या त्या दारातच थांबल्या. काट्यावरचे आकडे त्यांना वाचता यायचे; तेवढंच वाचता यायचं, पण पक्कं यायचं. त्यांनी एकदा काट्याकडं पाहिलं, एकदा डब्याकडं, आणि घागर तशीच कमरेवर धरून उभ्या राहिल्या.

शालूनं त्यांना वहीतला हिशेब सांगितला. गाईला नुसतं जगायला दीड किलो खुराक, आणि वर दर लिटर दुधाला चारशे ग्रॅम. सोळा लिटरची गाय म्हणजे आठ किलोला शंभर ग्रॅम कमी. भरड्याचे चार डबे तिथं जवळजवळ पुरतात. कोंड्याचे चार डबे साडेतीन किलोसुद्धा होत नाहीत. आणि कोंड्यात भरड्याएवढा कसही नसतो.

"म्हंजे अर्धंबी न्हाई," सुगंधाबाई हळू म्हणाल्या. मग घागर खाली ठेवली. "म्या तं डबे मोजून घातले गं. एकबी कमी न्हाई. ताप आल्ता मला त्या दिशीबी उठून घातले."

ते खरं होतं, आणि म्हणूनच ऐकवेना. मोगरी व्याली तेव्हा सुगंधाबाईंनी तिला बाळंतिणीसारखंच धरलं होतं. पेंड उष्ण, बाळंतिणीला बाधते म्हणून बंद केली, गिरणीवरून कोंडा आणला. पहिले पाच दिवस तो गूळ घालून शिजवला. पाणी कोमट करून पाजलं. गोठ्याच्या दाराला पोतं बांधलं, वारं लागू नये म्हणून. सुनेचं बाळंतपण माहेरी झालं, त्यामुळं हातून राहून गेलेलं सगळं त्यांनी गाईचं केलं.

आणि शालूला तो फोन आठवला. बाळ तेव्हा महिन्याचं होतं, मांडीवर रडून लाल झालेलं. सासूबाई विचारत होत्या, कोंडा घालू का, किती घालू. आणि तिनं बाळाला पदराखाली घेत सांगितलं होतं, हां हां, घाला, पहिल्यासारखेच दोन-दोन डबे. कोंडा हा शब्द तिनं ऐकला होता. ऐकूनही तो आत गेला नव्हता.

"मीच सांगितलं होतं आत्याबाई," ती म्हणाली. "डबे मीच सांगितले."

सुगंधाबाईंनी घागर बाजूला सारली. मोगरीचे मागचे पाय थरथरले तेव्हा दोघी एकदमच पुढं झाल्या आणि दोन्हीकडून तिला टेकल्या.

डॉक्टर आले तेव्हा सव्वातीन होऊन गेले होते. मोटारसायकल उभी करता करताच ते गाईकडं बघत होते. त्यांनी बोलण्यात वेळ घालवला नाही. मोगरीच्या शेपटीखाली हलक्या हातानं चोळत राहिले, तिनं लघवी केली तशी वाटीत धरली, आणि कागदावर चिमूटभर पांढरी पावडर घेऊन तिच्यावर चार थेंब टाकले. पावडर आधी गुलाबी झाली आणि बघता बघता जांभळी, गर्द, पिकल्या जांभळासारखी. अंगातली चरबी जळतेय, त्याची ही खूण, डॉक्टर म्हणाले.

मामा बाजेवरून उठून आले होते. ते त्या कागदाकडं बघत राहिले.

शालूनं पावत्या दाखवल्या. डॉक्टरांनी त्या एकीमागं एक सरकवल्या आणि सुगंधाबाईंकडं वळले. "मावशी, ही फॅट चाऱ्याची न्हाई. ही गाय स्वतःला वितळवून तुमच्या कॅनमध्ये वतून राह्यली होती."

मग त्यांनी मोगरीच्या मानेत सुई घातली. ग्लुकोजची बाटली शालूनं हात उंच करून धरली. पहिली संपली, दुसरी लावली. हात भरून आला, छातीतून दूध झिरपून ब्लाऊज ओला झाला, आत बाळ किरकिरायला लागलं आणि प्रांजली झोका जोरजोरानं देत आजीसारखं काहीतरी गुणगुणायला लागली. शालूनं बाटली खाली केली नाही.

मामांनी एकच विचारलं, जगंल का. डॉक्टर म्हणाले, आज तोंड लावलं तर जगेल. बसली तर मलाही सांगता येणार नाही. संध्याकाळी पाजायला औषधाची बाटली त्यांनी दिली. आज दूध पूर्ण काढू नका म्हणाले, कासेत थोडं राहू द्या, तेवढाच ओढा कमी. आणि निघताना शालूला बाजूला घेऊन बजावलं, खुराक एकदम वाढवायचा नाही. उपाशी पोटाला आज चार किलो भरडा मिळाला तर पोटात आंबेल, आणि मग कुणाच्याच हातात काही राहणार नाही. कडबा पुढं ठेवायचा. भरडा अर्धा किलो, फार तर. मग एक दिवसाआड अर्धा अर्धा चढवत जायचं.

गाडीत हिला घालू नका, रस्त्यातच बसेल, असंही ते मामांना म्हणाले. मामांनी ऐकून घेतलं. पण टेम्पोवाल्याला शब्द दिला होता आणि त्यांच्या डोळ्यांपुढं त्या दोन जुन्या गाई होत्या. पाचपर्यंत बघू, एवढं म्हणून ते पुन्हा लिंबाखाली गेले.

चार वाजले. मोगरीनं भिंत चाटणं थांबवलं होतं, पण खायलाही तोंड लावत नव्हती. डोळे उघडे, कान पडलेले. शालूनं तिच्यापुढं कडब्याची पेंढी सोडली. वाळलेल्या पानाची पट्टी तिच्या ओठांशी धरली, तर ओठ हलले नाहीत. सव्वाचार झाले. बाळाचं रडणं चढत गेलं तशी शालू घरात पळाली, उभ्या उभ्याच त्याला छातीशी धरलं आणि खिडकीतून गोठ्यावर नजर ठेवून पाजायला लागली.

तेवढ्यात तिला सुगंधाबाई दिसल्या. पदर कमरेला खोचून त्या घमेलं घेऊन चालल्या होत्या, आणि घमेल्यात भरडा आणि पेंड शिगोशीग भरलेली होती.

शालू बाळाला तसंच छातीशी धरून धावली. ती पोचली तेव्हा घमेलं गव्हाणीत होतं आणि मोगरीनं नाक खाली केलं होतं. ती हुंगत होती. दिवसभरात पहिल्यांदा तिच्या नाकपुड्या हलत होत्या, जीभ बाहेर आली होती. शालूनं एका हातानं घमेल्याची कड धरली आणि ओढलं.

"खाऊन राह्यली न गं ती," सुगंधाबाईंचा आवाज फुटला. "महिना झाला उपाशी हाय. खाऊ दे न तिला."

"एवढं खाल्लं तर मरंल, आत्याबाई."

"कमी घातलं तर मरती, जादा घातलं तर मरती. मंग घालावं तरी काय मानसानं."

त्यांनी घमेल्याची दुसरी कड धरलेली होती आणि त्या सोडत नव्हत्या. दोघींच्या मध्ये मोगरीचं डोकं, शालूच्या काखेत बाळ. मग शालूनं घमेलं सोडलं, सासूच्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाली, कापूस तोलता तसं तोला, अर्धा किलो. तुमच्या हातानंच घाला. सुगंधाबाईंनी घमेलं उचललं. डोळे पुसले नाहीत, तशाच काट्यापाशी गेल्या. त्यांनी हुकाला टोपली अडकवली आणि मूठमूठ भरडा तिच्यात टाकला, आकड्यावर नजर रोवून. पाचशे दहा झाले तर चिमूटभर परत काढला.

पण घमेलं गेलं तसं मोगरीनं तोंड वर घेतलं होतं. टोपली पुढं ठेवली, तर तिनं हुंगलीसुद्धा नाही.

शालूनं टोपली आणखी पुढं सरकवली. आपण नको तेव्हा ओढून घेतलं, तेवढीच एक वेळ होती आणि ती आपण घालवली, असं तिला वाटायला लागलं.

पाचला दहा कमी असताना रस्त्याकडून हॉर्न आला. टेम्पो बांधावरून वळून अंगणात शिरला. मामा उठले. त्यांनी टेम्पोवाल्याला फळी लावायला सांगितली आणि गोठ्यात येऊन सुतळीच्या दाव्याची गाठ सोडली. ते कुणाकडं बघत नव्हते. दावं ओढलं तसं मोगरी एक पाऊल पुढं आली, मागचा पाय घसरला, सावरली. टेम्पोवाला म्हणाला, जल्दी करा, अजून दोन घ्यायचीत.

"मामा," शालू म्हणाली, "एक तास थांबा."

"तो थांबत न्हाई पोरी."

"तुम्ही थांबा न मंग."

मामांनी वळून तिच्याकडं पाहिलं. सून त्यांना असं कधी बोलली नव्हती. ते काही म्हणणार तोच घरातून प्रांजली आली. तोलून झाल्यावर तिनंच घरात नेलेला डबा कुणी जागेवर ठेवला नव्हता, तो ठेवायचं काम आपलं आहे असं तिनं मनानं ठरवलं होतं. हातात झाकण, दुसऱ्या हातात डबा. उंबऱ्यावर पाय अडखळला आणि झाकण डब्यावर आपटलं.

मोगरीचा उजवा कान वळला.

शालूनं हळूच प्रांजलीला खूण केली, परत. प्रांजलीनं भीत भीत झाकण डब्यावर वाजवलं, एकदा, दोनदा. मोगरीनं मान वळवली, दावं ताणलं गेलं, आणि तिच्या गळ्यातून आवाज आला. हंबरणं नव्हतंच ते. घशात अडकलेलं, घोगरं, अर्धवट काहीतरी. पण ते उत्तर होतं.

सुगंधाबाईंनी टोपलीतला भरडा त्या डब्यात ओतला. डब्याचा तळ जेमतेम झाकला गेला. मोगरीनं त्यात तोंड घातलं. आधी नुसती जीभ फिरली. मग दाढा हलल्या, थांबल्या, पुन्हा हलल्या. डबा रिकामा झाल्यावर तिनं तो नाकानं ढकलला आणि गव्हाणीतली कडब्याची पट्टी ओढली.

टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. मामा दावं धरून उभेच होते. ते तिच्या जबड्याकडं बघत होते, एकटक, एखादा जुना हिशेब पुन्हा मांडत असल्यासारखे. मग त्यांनी सुतळीचं दावं खुंट्याला परत बांधलं आणि टेम्पोपाशी जाऊन सांगितलं, पुढच्या बाजाराला बघू. टेम्पोवाला पुटपुटत फळी काढून गेला.

दिवस मावळताना मोगरी रवंथ करत होती, उभ्यानंच. शालूनं तिचं दूध अर्धंच काढलं आणि औषध पाजलं. गोंड्याचं दावं अजून खुंटीवरच होतं. पण मामा तिथून जाताना त्याच्यावरची धूळ झटकून गेले, ते तिनं पाहिलं. सुगंधाबाईंनी कोळसा आणून दिला आणि शालूनं भिंतीवर, मोगरीनं चाटून ओल्या केलेल्या जागेच्या वर, आठवड्याचे आकडे लिहिले. आज अर्धा. परवा एक. मग दीड. डबा हा शब्द कुठंच लिहिला नाही. सुगंधाबाईंनी प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून तो मोठ्यानं म्हणून पाहिला, आणि मग चुलीकडं गेल्या.

शालू पडवीत पायरीवर बसली आणि बाळाला पदराखाली घेतलं. काटा आता परत पडवीत टांगला होता आणि प्रांजलीला आता नवा खेळ सापडला होता. तिनं डबा तोलला, स्वतःची चप्पल तोलली, घागरीचं झाकण तोललं. मग म्हणाली, बाळाला तोलू. शालू म्हणाली, दवाखान्यात तोलतात त्याला. प्रांजली येऊन तिच्या गुडघ्याला टेकली आणि पदराखाली डोकावून बाळाचं चुटूचुटू हलणारं तोंड बघत राहिली. दिवसभर तिनं सगळं ऐकलं होतं.

"मोगरीला एका लिटरला चारशे ग्रॅम," ती म्हणाली.

"हां. बराबर."

"आन् नुसतं उभं ऱ्हायाला दीड किलो."

"हां."

प्रांजलीनं थोडा विचार केला. बाळाच्या टाळूवरून एक बोट फिरवलं.

"आन् आई, तुला किती लागतं?"

शालूला सकाळचे दोन टोस्ट आठवले. आतून चुलीवर भाकरी थापल्याचा आवाज येत होता. गोठ्यात मोगरीचा जबडा सावकाश फिरत होता. प्रांजली परत काट्यापाशी जाऊन, हुक हातात धरून उत्तराची वाट बघत उभी होती.